विहिरीवरचा बांबू

सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यात माझ्यावाणी पोहणारा माणूस आजूबाजूच्या चार गावांत सापडायचा न्हाई. त्याच पाण्यातून मला दोन बारी लोकांनी केसाला धरून बाहेर काढलंय, आन् दोन्ही बारी काठ हाकेवर व्हता.

पहिल्या बारीला मी पिलेला व्हतो. त्याच्यात सांगायसारखं काही न्हाई. दुसऱ्या बारीला मी शुद्धीत व्हतो, उपाशी व्हतो, पांढरे कपडे घातलेला व्हतो. ती गोष्ट सांगतो.

मी धरणात मासे धरतो. थर्माकोलचे दोन तुकडे बांधून तराफा केलाय, त्याच्यावर बसतो आन् जाळं टाकतो. शाळेत मी एकच दिवस गेलो. मास्तरनं नाव विचारलं, ते बराबर सांगलं, मंग वाटलं आता काय राह्यलं शिकायचं. त्याच्यामुळं प्रार्थनेत गाण्याचं पुस्तक हातात दिलं की मी शेजारच्याच्या तोंडाकडं बघतो. त्यानं तोंड उघडलं की मी उघडतो. एकदा त्याला जांभई आली तर म्या लंबा सूर लावला.

प्रभूकडं मी कसा आलो म्हणाल, तर बायकोच्या मागं मागं. ती लई आजारी पडली व्हती. उठता येईना. तवा आमच्या मंडळीतल्या बाया घरी आल्या. मंडळी म्हंजे बारा-पंधरा ख्रिस्ती घरं, सगळी मजुरी करून खाणारी. त्या बाया आठ दिवस आळीपाळीनं बसल्या. भाकरी टाकल्या, तिचे कपडे धुतले, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. ती उठली आन् थेट त्यांच्या पत्र्याच्या शेडात जाऊन बसली. मी दाराशी चपला राखत बसायचो. चपलांपासून आत यायला मला दीड साल लागलं. दारू सुटली. थट्टा सुटली न्हाई.

आमचे पाळकसाहेब हिंगोलीहून दर रविवारी फटफटीवर येतात. त्यांचं एक बोलणं ठरलेलं. "विश्वास म्हणजे चालणं. रोज एक पाऊल देवाकडं. बसून कोणी पोहोचत नाही." मी हे बसूनच ऐकायचो, भिंतीला पाठ लावून.

बायकोचा बाप्तिस्मा, म्हंजे प्रभूच्या नावानं पाण्यात बुडून वर यायचा विधी, कवाच व्हायला पाहिजे व्हता. पण तिनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं व्हतं, "आमी जोडीनं उतरू. त्यांना मागं ठेवून मी जात न्हाई." आन् मी दर साली काही ना काही काढायचो. एका साली पाठ धरली, एका साली जाळं फाटलं, एका साली सासू वारली. ती सासू दोन साल आधीच वारली व्हती, हे बायकोनं तिथंच सांगलं. अशी नऊ वर्षं गेली. तिनं पेटीत एक पांढरं लुगडं घडी करून ठेवलं व्हतं, ते दर साली उन्हात टाकायची आन् परत ठेवून द्यायची.

लोकांना वाटायचं, ह्याला भावकीची भीती वाटती. भावकी मला मोजतच न्हाई, तिची कसली भीती. मला भीती व्हती ती साक्षीची. आमच्यात पाण्यात उतरायच्या आधी काठावर उभं राहून आपलं वाईट काम सगळ्यांसमोर सांगायचं असतं. हसवायला मला कोणी सांगितलं तर मी दिवसभर बोलतो. पण खरं बोलायचं म्हणलं की घसा बसतो.

असंच एका साली दुसऱ्या लोकांचा बाप्तिस्मा चाललेला असताना मी काठावरून "साप! साप!" म्हणून ओरडलो. उगी, गंमत म्हणून. पाळकसाहेब असे वळले की त्यांचा चष्मा पाण्यात गेला. चष्मा म्या बुडी मारून काढून दिला, तरी ते मला महिनाभर बोलले न्हाईत. ही गोष्ट ध्यानात ठेवा. मला ती ध्यानात ठेवावीच लागली.

आता बांबूचं.

धरण झालं तवा जुनं गाव पाण्याखाली गेलं आन् लोकं वर येऊन बसले. पण जुन्या शिवारातली एक विहीर हाय तिथंच राह्यली. दगडानं बांधलेली, वरचं कठडं पडलेलं. पावसाळ्यात तिच्यावर दोन पुरुष पाणी असतं, तवा काही भ्या न्हाई. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथं कमरेएवढं, छातीएवढं पाणी राहतं. माणूस चालत चालत जातो आन् एका पावलाला खाली जमीनच नसते. म्हणून तिथं एक लंबा बांबू रोवलेला व्हता, विहिरीच्या दगडांत घट्ट बसवलेला. शेंड्याला लाल कापड. मासे धरणाऱ्या सगळ्यांना ठाऊक, त्या बांबूच्या जवळ जायचं न्हाई.

नाताळ आला. आमच्यात नाताळाला शेडावर तारा लावायची रीत. कागदाचा मोठा तारा, आत बल्ब. जितका उंच तितका चांगला, लांबून दिसावा म्हणून. मंडळीनं विचारलं, औंदा बांबू कोण देईल? मी उभा राहून म्हणलो, "मी देतो. हिंगोलीहून नवा आणतो. माझं अर्पण."

हिंगोलीला कोण जाणार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तराफा घेऊन गेलो आन् विहिरीवरचा बांबू हलवून हलवून उपटला. वाटलं, आता पाणी भरपूर हाय, उन्हाळ्याच्या आत दुसरा लावू. उपटताना खालून बुडबुडे आले. लई वेळ येत राह्यले. मी मान फिरवली आन् तराफा वल्हवला.

तारा असा उंच लागला की औंढ्याच्या रस्त्यावरून दिसायचा. पाळकसाहेबांनी माझं नाव घेऊन आभार मानले. शेंड्याचं लाल कापड तसंच व्हतं, ते बघून म्हणाले, "हे चांगलं केलंस. प्रभूच्या रक्ताची आठवण." सगळे आमेन म्हणाले. मी पण म्हणलो, सगळ्यांच्या आधी.

बायको बांबूच्या बुडाकडं बघत व्हती. बूड काळं पडलेलं, गाळाचा वास. तिनं बोट फिरवलं आन् वास घेतला.

"नवा हाय म्हणला व्हता ना तुमी?"

"दुकानदारानं भिजत ठेवला व्हता. भिजला की फुटत न्हाई."

तिनं हात पदराला पुसला.

नाताळ झाला, तारा उतरला. मला वाटलं आता बांबू मोकळा झाला, जाऊन लावून टाकू. तर पाळकसाहेब म्हणाले, "एवढा चांगला बांबू, वाया कशाला घालवायचा?" आन् त्यांनी त्याला आडवी फळी ठोकून क्रूस केला आन् शेडाच्या दारात रोवला. आता सांगा, क्रूस कसा उपटायचा? मी रोज त्याच्यासमोर हात जोडायचो. बुडाचा काळा डाग म्या दोन बारी घासून बघितला. निघाला न्हाई.

माझे मासे औंढ्याचे एक चाचा घेतात. म्हातारा माणूस, तीस-चाळीस साल झाले धरणावर येतोय. संक्रांतीनंतर एक दिवस ते काठावर बर्फाची पेटी बांधत व्हते. बांधता बांधता पाण्याकडं बघून थांबले.

"क्यूं रे, विहिरीवरचा बांबू कुठं गेला?"

"वाऱ्यानं गेला असंल, चाचा."

"वारा? वो बांबू म्या स्वतः बसवला, दगडात पाचर मारून. त्याला वारा नेतो?"

मी जाळ्याची गाठ सोडायला लागलो. गाठ नव्हतीच.

चाचा म्हणाले, "बांबू लावायच्या आधी तिथं एक गवत कापणारी बाई गेली व्हती. डोक्यावर भारा, पाण्यातून जवळची वाट म्हणून चालली. तिच्या मागून चालणाऱ्या बाईनं बघितलं, भारा पाण्यावर, बाई न्हाई. तिसऱ्या दिवशी काढली. बांबूला जे लाल कापड व्हतं ना, ते तिच्याच लुगड्याचं. तिच्या मालकानंच बांधायला दिलं." मंग फटफटीला लाथ मारत म्हणाले, "तू रोज इथं असतो. दुसरा लाव. उन्हाळा दूर न्हाई."

"लावतो चाचा. उद्याच लावतो."

त्या दिवशी शेडापाशी गेलो तर क्रूसावर ते कापड वाऱ्यानं फडफडून राहिलेलं. मी दारातून आत गेलोच न्हाई. परत चपलांपाशी बसलो.

पाणी रोज उतरून राहिलं. काठावर रोज एक नवी रेघ दिसायची. जे दगड बुडालेले व्हते ते वर आले, मंग जुन्या बांधाचा कोपरा वर आला. मी रोज बघायचो आन् म्हणायचो, आज न्हाई, उद्या. एक दिवस हिंमत करून वल्हं घेतलं आन् विहीर हुडकायला गेलो. खूण अशी, की पाणी उपसायच्या खोलीचं छप्पर आन् मागचं एकटं पळसाचं झाड एका रेषेत आलं की खाली विहीर. पण त्या रेषेवर किती पुढं, किती मागं, ते बांबूमुळं कवा ध्यानात ठेवायची गरजच पडली न्हाई. म्या तीन जागी वल्हं खुपसलं. तिन्ही जागी कडक जमीन. चौथ्या जागी खुपसायला गेलो न्हाई. मी स्वतःला म्हणलो, गाळानं भरली विहीर. मिटलं. आन् घरी येऊन पोटभर जेवलो.

त्याच आठवड्यात पाळकसाहेबांनी ईस्टरच्या रविवारी बाप्तिस्मा ठरवला. बायकोनं मला विचारलं न्हाई. पेटीतून लुगडं काढलं, उन्हात टाकलं, आन् म्हणाली, "औंदा मी उतरणार. तुमी या, नका येऊ." नऊ वर्षांत ती पहिल्यांदा असं बोलली. मी घाबरून हो म्हणलो.

दर साली आमी रस्त्याकडच्या काठाला उतरतो. औंदा तिकडं पाणी लांब गेलं व्हतं, मधी गुडघाभर चिखल. पाळकसाहेब म्हणाले, "तुझ्या बाजूचा काठ चांगला दिसतो. पाणी तुला माहीत आहे. जागा बराबर आहे ना?"

मला तवाच बोलायला पाहिजे व्हतं. एवढंच म्हणायचं व्हतं की तिथं विहीर हाय. पण लगेच पुढचा सवाल आला असता, मंग खूण काहून न्हाई? आन् खूण त्यांच्या पाठीमागं दारात उभी व्हती.

"बराबर हाय साहेब," मी म्हणलो.

ईस्टरच्या दिवशी सकाळी दहा वाजता सगळी मंडळी काठावर आली. ऊन चढलेलं, पण पाण्यावरून गार वारा येत व्हता. एक पाखरू न्हाई. आमी पाच जणं उतरणार व्हतो, तीन बाया आन् दोन गडी.

साक्ष सुरू झाली. बायको उभी राहिली. खाली बघत म्हणाली, "मी नऊ वर्षं मालकासाठी थांबले असं सांगत व्हते. ते पुरतं खरं न्हाई. मलाबी वाटायचं, लोकांनी म्हणावं बाई किती चांगली. देवानं मला एकटीला बोलावलं व्हतं, मी उगी सोबत बघत बसले. मला माफी पाहिजे." बस्स, एवढंच. बसली.

मंग मी. मी दारूची गोष्ट सांगली. मी पिऊन म्हशीला बायको समजून माफी मागितली व्हती, ती. सगळे हसले. पाळकसाहेबांनी पण चष्मा काढून डोळे पुसले. मंग चष्मा परत घालून माझ्याकडं बघितलं. "अजून काही?"

बायको माझ्याकडं बघत न्हवती. तिच्या मागं पाणी व्हतं, सपाट.

"न्हाई साहेब. बाकी सगळं साफ हाय."

पाळकसाहेब पुढं पाण्यात उतरले. त्यांच्या मागं बायको, तिच्या मागं दुसऱ्या दोघी. गडी शेवटी, आन् गड्यांत मी शेवटचा. काठावर गाणं सुरू झालं. पाणी घोट्याला, मंग गुडघ्याला. मी उगीच मान वर केली. पाणी उपसायच्या खोलीचं छप्पर दिसलं. पळस छप्पराच्या डाव्या बाजूला व्हता. दहा पावलं चाललो, तर पळस छप्पराकडं सरकलेला. अजून चाललो. पळस छप्पराला टेकला.

पाळकसाहेब पुढं छातीएवढ्या पाण्यात थांबले, विहिरीच्या जरा एका अंगाला असणार, आन् बायकोला हात करून म्हणाले, "ये ताई. इथं पाणी मस्त आहे. पायाला एकदम गार लागतं."

ते ऐकलं आन् मी थांबलो. उन्हाळ्यात उथळ पाणी गार नसतं. गार पाणी खोलातून वर येतं.

"साहेब, थांबा!" मी ओरडलो. "विहीर! तिथं विहीर हाय!"

काठावर गाणं थांबलं आन् हसू फुटलं. कोणीतरी म्हणलं, "मागं साप निघाला, औंदा विहीर निघाली." पाळकसाहेबांनी पहिला हात चष्म्याला लावला. मंग म्हणाले, "आज तरी गप्प बस रे बाबा."

"मी खरं सांगून राहिलो!"

बायको मागं वळली. तिचं तोंड मला आजही दिसतं. राग न्हवता. थकलेली व्हती. "नऊ वर्षं झाली," ती म्हणाली, "मला एवढं चालू द्या." आन् परत तोंड फिरवून तिनं पाऊल टाकलं.

मी पळालो. पाण्यात पळता येत न्हाई, सपनात जसं पळता येत न्हाई तसं. दोघी बायांना ढकललं, बायकोचा खांदा धरून तिला मागं ओढलं आन् स्वतः तिच्या पुढं गेलो. नऊ वर्षांत मी पहिल्यांदा तिच्या पुढं चाललो, ते पण दोन पावलं. तिसऱ्या पावलाला खाली काही न्हवतं.

पोहणारा माणूस मी. पण नवा पायजमा पायात गुंडाळला, छातीत श्वास न्हवता, आन् वर हात मारला तर हाताला शेवाळाचा दगड लागला. गोल. सगळीकडून दगड. मी विहिरीच्या तोंडाच्या खाली गेलो व्हतो. डोळे उघडले तर वर एक हिरवं भगुलं दिसलं उजेडाचं, आन् ते ल्हान होत गेलं. नऊ वर्षं प्रार्थना ऐकल्या, एक शब्द आला न्हाई. मनात येत व्हता तो बांबू. आन् गवताचा भारा.

मंग डोक्याची सालटं निघावी तसे केस ओढले गेले.

मला कसं काढलं ते नंतर कळलं. बायकोनं बुडी मारून विहिरीत हात घातला, पाळकसाहेबांनी तिचे पाय धरले, त्यांना दुसऱ्या गड्यानं धरलं. मला काठावर आणून उलटं केलं. पाणी निघालं, गाळ निघाला. आन् त्याच्यामागून सगळं निघालं. हिंगोलीला गेलोच न्हाई ते, बांबू उपटला ते, चाचांना वारा सांगला ते, वल्हं चौथ्या जागी खुपसलं न्हाई ते. लाल कापड कोणाचं ते पण सांगलं. एक माणूस हसला न्हाई. मंडळीतल्या एका बाईनं आपलं लेकरू उचलून छातीशी धरलं आन् पाण्यापासून लांब जाऊन उभी राहिली.

पाळकसाहेब खाली बसले व्हते. चष्मा गेला व्हता, ह्या बारीला काढायला कोणी तयार न्हवतं. मी म्हणलो, "साहेब, मी डोक्यासकट पुरता बुडालो व्हतो. मंग माझा बाप्तिस्मा झाला असं धरायचं का?"

"बुडताना कोणाचं नाव घेतलंस?"

मी खरं सांगलं. "बांबूचं."

त्यांनी वला सदरा पिळला. मंग म्हणाले, "जा. बांबू घेऊन ये. आधी तो लावू, मग बाकीच्यांचं बघू. फळी काढून ठेव, नुसता बांबू आण. लोकांना वाटायला नको की आम्ही धरणात क्रूस रोवून राहिलो."

बायको उठली. वल्या लुगड्यानंच माझ्यासोबत चालायला लागली. बांबू लंबा हाय, दुसरं टोक धरायला माणूस पाहिजे, एवढंच म्हणाली. शेड तिथून पाऊण कोस. दारातला क्रूस उपटला. फळीचा खिळा निघत न्हवता असं म्या तिला सांगलं. निघाला असता. पण मला वाटलं, फळीसकट नेला तर रस्त्यात लोकं बघतील. म्हणून मी तो तसाच खांद्यावर घेतला आन् मागचं टोक तिनं धरलं.

ऊन तापलं व्हतं. खांदा सोलून निघाला. अंगातून अजून गाळाचा वास येत व्हता आन् वर ते कापड फडफडत व्हतं. रस्त्यावर दोन-चार माणसं थांबून बघायला लागली. माझी मान आपोआप जरा वाकली, पाय जरा अडखळायला लागले, असे, प्रभूच्या चित्रात असतात तसे. मी मागं वळून हळूच म्हणलो, "बघ ना, आज मी पण त्याच्यावाणी खांद्यावर वाहून राहिलो."

ती थांबलीच न्हाई. मागून बांबूनं मला पुढं ढकललं.

"त्यानं दुसऱ्याच्या पापाचा वाहिला. तुमचा तुमच्याच चोरीचा हाय. सरळ चाला, तिथं लोकं वल्या कपड्यांनी खोळंबलेत."